प्राचीन डीएनएवर संशोधन करण्यासाठी जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्यास

आपण सोलापुरात जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करत आहात, मानवाच्या उगमावर प्राचीन डीएनएच्या आधारे संशोधन करण्यासाठी जर्मनीत पीएचडी करू इच्छिता, आणि या विद्येवर पोट भरेल का, असे आपले वडील विचारतात. मी जुळे सोलापूरचा. गेली नऊ वर्षे जर्मनीतल्या अशाच एका प्रयोगशाळेत काम करत असल्यामुळे सविस्तर लिहितो.

या कामात हाडाला हात लावण्याची वेळ क्वचितच येते, आणि येते तेव्हा ती हौसेची नसते. स्वच्छ कक्षात शिरताना अंगभर सूट, मुखपट्टी, चेहऱ्यावर काच आणि हातमोज्यांचे दोन थर चढवायचे. मग आतल्या कानाभोवतीच्या, शरीरातल्या सर्वांत घट्ट हाडातून बारीक ड्रिलने जेमतेम पन्नास मिलिग्रॅम भुकटी काढायची. तीन-चार तास पाणी पिता येत नाही, म्हणून सकाळचा चहाही बेतानेच घ्यावा लागतो. एवढा सोवळेपणा हवा, कारण जुन्या हाडात मूळ माणसाचा डीएनए तुटपुंजा असतो, बाकी बहुतेक जिवाणूंचाच, आणि आपल्या एका शिंकेत त्या नमुन्याहून अधिक मानवी डीएनए असतो. प्राचीन डीएनए संशोधनाचे प्रणेते स्वान्ते पाबो यांना 2022 साली नोबेल मिळाले, पण 1985 मध्ये त्यांनी ममीतून वेगळा केलेला म्हणून प्रसिद्ध केलेला डीएनए बहुधा आधुनिक माणसाच्या संसर्गाचा होता, हे पुढे त्यांनीच मान्य केले. पहिल्या वर्षी माझ्याही रिकाम्या तुलना-नळीत (संसर्ग ओळखण्यासाठी हाडाची भुकटी न घालता ठेवलेल्या नळीत) मानवी डीएनए निघाला आणि आठ आठवड्यांचे काम टाकून द्यावे लागले. चूक माझीच होती. हातमोजा बदलायचा राहिला होता.

खरा जुना डीएनए ओळखण्याची खूण त्याच्या झिजेतच असते. तुकडे फार आखूड, बहुधा शंभर अक्षरांच्या (डीएनएच्या ए, सी, जी, टी या घटकांच्या) आतले असतात, आणि त्यांच्या टोकांशी सायटोसिनचे, म्हणजे 'सी'चे, युरॅसिल होऊन वाचताना 'सी'च्या जागी 'टी' दिसतो. ही झीज मोजणे, लाखो तुकडे संदर्भ-जनुकसंचावर (माणसाच्या संपूर्ण डीएनएच्या प्रमाण नकाशावर) बसवणे आणि त्यांतून लोकसमूहांची सरमिसळ काढणे, हा सारा उद्योग संगणकावर चालतो. म्हणून लिनक्स ही संगणकप्रणाली, आर व पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषा आणि संख्याशास्त्र आत्ताच शिकावे. ॲलन एन्शंट डीएनए रिसोर्स हा हजारो प्राचीन व्यक्तींचा जनुकीय विदा विनामूल्य मिळतो. आपल्या लॅपटॉपवर त्यातून एक छोटे विश्लेषण करून ते अर्जासोबत पाठवलेत, तर त्याचे वजन गुणपत्रिकेपेक्षा जास्त पडेल.

आता जे सर्वांत जपून सांगायला हवे ते. आपण भीमेच्या खोऱ्यातल्या प्राचीन वसाहतींचा अभ्यास करण्याचा मानस व्यक्त केला आहे. उष्णता आणि ओलावा डीएनएची साखळी तोडतात; म्हणूनच 2010 साली डेनिसोव्हा मानव हा नामशेष मानवगट ओळखला गेला तो सैबेरियातल्या थंड गुहेत सापडलेल्या बोटाच्या हाडावरून. हरियाणातल्या राखीगढी या सिंधू संस्कृतीच्या स्थळी 61 नमुने तपासले, तेव्हा एकाच स्त्रीचा वापरण्याजोगा जनुकसंच हाती आला आणि तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या उन्हात आपण मे महिन्यात दुपारी बाहेर पडत नाही, त्या मातीतल्या हाडांवर चार वर्षांची पीएचडी टांगून ठेवू नका. प्रश्न भारतीयच घ्या, पण तो आजच्या लोकांच्या जनुकसंचांतूनही सोडवता येईल असा मांडा. याचे एक उदाहरण देतो: कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवणारा तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक भाग निअँडरथल या नामशेष मानवगटाकडून आला आहे आणि दक्षिण आशियातील सुमारे निम्मे लोक तो बाळगतात, हे 2020 मध्ये पुढे आले. आपल्या प्रदेशात असा जनुकीय भाग कुणात किती आणि का टिकला, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे.

अर्ज करण्याआधी लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था किंवा हैदराबादची सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) येथे काही महिने काम मिळवता आले, तर पाहा. हैदराबाद तर आपल्याला रात्रीच्या गाडीचे अंतर. प्रयोगशाळेत इंग्रजी चालते, पण घरमालक आणि सरकारी कार्यालये जर्मनच बोलतात. मी भाषा न शिकता आलो आणि पहिली दोन वर्षे प्रत्येक पत्र सहकाऱ्याकडून वाचून घेतले.

वडिलांच्या शंकेला उत्तर असे. पीएचडीला करारावर पगार मिळतो, मात्र जीवशास्त्रात तो अनेकदा पूर्ण पदाच्या 65 टक्के असतो, एकट्याला पुरतो. पुढे विद्यापीठांत मुदतीचे करार पीएचडीनंतर साधारणपणे सहा वर्षांपुरतेच करता येतात आणि कायमची प्राध्यापकपदे थोडी आहेत. माझा सध्याचा करारही दीड वर्षाचाच आहे. परंतु हेच संगणकीय कौशल्य वैद्यकीय जनुकशास्त्राला लागते, आणि माझ्यासोबत पीएचडी केलेल्या पाचांपैकी तिघे आज त्याच नोकऱ्यांत आहेत.