बॅरलवर नाव तेच, चेंबर मात्र वेगळं

प्रश्न : मी आयडाहोत राहतो. एक सेकंडहँड बोल्ट ॲक्शन रायफल घेतलीय, कुणा गनस्मिथकडून बनवून घेतलेली, बॅरलवर .280 ॲकली इम्प्रूव्ड असं कोरलंय. दुकानातली .280 एआयची काडतुसं उडवली, त्याच केसेस (काडतुसाच्या पितळी नळ्या) रीलोड केल्या, म्हणजे पुन्हा भरल्या, तर दुसऱ्या वेळेलाच बुडाच्या थोडं वर चकचकीत रिंग दिसायला लागली. पावडर मी मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापाचीच टाकतो. ज्याने रायफल तपासली तो म्हणतो हेडस्पेस (बंद बोल्टपासून काडतूस पुढे जिथे अडतं तिथपर्यंतचं अंतर) एकदम बरोबर आहे. मग चुकतंय कुठे?

उत्तर : आधी एक, त्या रिंगवाल्या केसेस परत भरू नका, फेकून द्या. खात्री करायची असेल तर पेपरक्लिपचं टोक वाकवा आणि केसच्या आत घालून भिंतीवरून फिरवा, रिंगच्या जागी टोक खाचेत अडकलं की समजायचं तिथलं पितळ पातळ झालंय आणि पुढच्या एखाद्या बाराला केसचं बूड तुटून गरम गॅस मागे येऊ शकतो.

आता कारण. फायरिंग पिन काडतुसाला पुढे ढकलते, प्रेशर वाढलं की केसची पुढची पातळ भिंत चेंबरला (बॅरलमधली काडतूस बसायची पोकळी) चिकटते, बूड मात्र मागे बोल्टला टेकेपर्यंत सरकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. म्हणजे पावडर सुरुवातीच्या मापाची टाकली तरी, मागे मोकळी जागा असली की ताण बसणारच.

तपासणारा माणूस खोटं बोलत नाहीये, पण त्याने कुठल्या मापाचं गेज लावलं ते विचारा, सगळी मेख तिथेच आहे. .280 रेमिंग्टन 1957 चं, त्याचा खांदा (केस मानेकडे निमुळती होते तो उतार) साडेसतरा अंशांचा, काडतुसं सुधारणारे अमेरिकन गनस्मिथ पी. ओ. ॲकली यांच्या पद्धतीत तो 40 अंशांचा होतो. त्यांचा नियम असा की चेंबर मूळ काडतुसाच्या गो गेजपेक्षा (ज्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा ते मापक) 0.004 इंच, म्हणजे 4 थाऊ, आखूड ठेवायचं, म्हणजे दुकानातलं साधं .280 रेमिंग्टन मान आणि खांद्याच्या कोपऱ्यावर घट्ट दाबून बसतं आणि उडवलं की नवा आकार घेतं. पण हे वाइल्डकॅट, म्हणजे हौशी प्रयोगातून आलेलं काडतूस, कुणाचाच शिक्का नाही, ज्याचा त्याचा रीमर (चेंबर कापायचं हत्यार) आणि ज्याचं त्याचं माप. मग 2007 च्या सुमारास नॉस्लर कंपनीने हे काडतूस सामीकडून (काडतुसांची मापं ठरवणारी अमेरिकन संस्था) स्टँडर्ड करून घेतलं आणि त्या मापाची हेडस्पेस जुन्या पद्धतीपेक्षा सुमारे 14 थाऊ कमी आहे. 14 थाऊ ऐकायला काहीच वाटत नाही, पण .308 विंचेस्टरचं गो गेज 1.630 इंच आणि नो-गो (ज्यावर बोल्ट बंद होता कामा नये) 1.634, फरक फक्त 4 थाऊंचा! तुमची रायफल जुन्या मापाची आणि काडतुसं नव्या मापाची असणार, मला तरी दुसरं काही दिसत नाही. .22-250 (रेमिंग्टनने 1965 मध्ये घेतलं) आणि .25-06 (1969) हीसुद्धा आधी वाइल्डकॅटच होती, त्यामुळे त्याआधी बनवून घेतलेली रायफल हातात आली तर चेंबर तपासून घ्याच.

उपाय असा. एक नवं काडतूस आणि तुमच्या रायफलीतून एकदाच उडवलेली एक केस घ्या, कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारा जोड) लावून दोन्हींची बूड ते खांदा लांबी मोजा. 10-12 थाऊ फरक निघाला तर ती काडतुसं या रायफलीत वापरूच नका. साध्या .280 रेमिंग्टनच्या नव्या केसेस आणा, मान आधी .30 इंचाला मोठी करा आणि मग 7 एमएमच्या (.280 च्या गोळीचं माप) डायने, म्हणजे केस दाबून मापात आणणाऱ्या साच्याने, हळूहळू खाली घ्या, बोल्ट थोडा जड बंद होईल तिथे थांबा. हा झाला खोटा खांदा, त्यावर केस टिकून राहते आणि बूड ताणत नाही. पुढे साइझिंग (केस डायमधून दाबून मापात आणणं) करताना डाय शेलहोल्डरला (केसचं बूड धरणारा भाग) टेकवून वर पाव वळसा देऊ नका, बोल्ट ॲक्शनला खांदा 1-2 थाऊ मागे गेला की पुरे. आणि गनस्मिथकडून चेंबर कास्ट (चेंबरचा ठसा ओतून माप घेणं) करून घ्या, खर्च होतो पण होऊ दे.

प्रश्न : मी टोरांटोत असतो, माझ्याकडे ली-एनफिल्ड .303 (जुनी ब्रिटिश लष्करी रायफल) आहे. गेज बरोबर येतं तरी केसेस तीन-चार रीलोडमध्येच संपतात, हा तोच प्रॉब्लेम का?

उत्तर : वरवर तसाच, पण जागा वेगळी. .303 च्या बुडाला बाहेर आलेली कड आहे, हेडस्पेस त्या कडेवर मोजतात, खांद्याचा संबंधच नाही, आणि लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस कापलेलं असतं म्हणजे चिखल-मातीतही काडतूस बसेल. म्हणून गेज पास होतं पण खांद्यापुढे मोकळी जागा राहते, आणि फुल लेन्थ (पूर्ण केसचं) साइझिंग केलं की दर वेळी खांदा मागे जातो आणि पुढच्या बाराला परत ताणला जातो. फक्त मान साइझ करा, त्या केसेस त्याच रायफलीला ठेवा आणि बोल्ट जड लागायला लागला की तेवढ्यापुरता खांदा थोडासा मागे घ्या.