पहिला दिवस कोणता धरला आहे, ते आधी विचारा

वडिलांच्या मेंदूभोवती रक्तस्राव झाला, कॉइलिंग (फुटलेल्या धमनीच्या फुग्यात बारीक तार भरून तो बंद करणे) व्यवस्थित पार पडले, आज पाचव्या दिवशी ते बोलतात, जेवतात, आणि तरीही डॉक्टर ‘अजून दोन आठवडे काही सांगता येत नाही’ म्हणतात. हे उगाच घाबरवणे तर नाही ना, असे आपण विचारले आहे. नऊ वर्षांपूर्वी पत्नीच्या आजारपणात मी हाच प्रश्न, बऱ्याच चढ्या आवाजात, विचारला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी डॉक्टर नाही. यातील काहीही आपल्या न्यूरोसर्जनना विचारल्याशिवाय करू नये.

फुगा (धमनीच्या भिंतीचा फुगून फुटलेला भाग), कॉइल, क्लिप (तोच फुगा बाहेरून बंद करणारा चिमटा) हे आपल्याला एव्हाना समजावले असेलच. कॉइलमुळे फुगा बंद होतो, पण सांडलेले रक्त तिथेच राहते आणि मेंदूच्या तळाच्या मोठ्या धमन्या त्या रक्तमिश्रित पाण्यात बुडून असतात. तांबड्या पेशी फुटू लागल्या की त्यांतून सुटलेले हिमोग्लोबिन, धमनीला सैल ठेवणारे नायट्रिक ऑक्साइड संपवते, आकुंचन घडवणारे एंडोथेलिन वाढते आणि भिंतीतला स्नायू आवळला जातो. पुढे भिंत सुजते, आतले अस्तरही जाड होते. त्यामुळे केवळ स्नायू सैल करणाऱ्या औषधाने धमनी पूर्ववत होईलच असे नाही. पेशी फुटायला वेळ लागतो, म्हणूनच धमनीचे हे अरुंद होणे साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होते, सातव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास सर्वाधिक असते आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरते. अँजिओग्राफीत (धमन्यांच्या क्ष-किरण चित्रांत) ते सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांत दिसते. रक्त कमी पडून लक्षणे उमटतात ती सुमारे ३० टक्क्यांत.

हे दिवस रक्तस्रावापासून मोजायचे असतात, दाखल झाल्यापासून नव्हे. आमचे सारे इथेच चुकले. पत्नीचे डोके रविवारी सकाळी एकाएकी, घाव बसावा तसे दुखले. आम्ही पित्त समजून तीन दिवस काढले. बुधवारी दाखल केले, गुरुवारी कॉइलिंग झाले. शनिवारी रुग्णालयाच्या विम्याचे कागद पाहणाऱ्या विभागातून निरोप आला की शस्त्रक्रिया यशस्वी आहे, दाखल होऊन चारच दिवस झाले आहेत, रुग्ण बोलत आहे, तेव्हा अतिदक्षता विभागाचे पुढचे दिवस कॅशलेसमध्ये मंजूर होणे कठीण. वॉर्डात हलवण्यास संमती द्यावी. मी सही केली. त्यांच्या कागदावरचा चौथा दिवस खरे तर सातवा होता, आणि रविवारची ती सकाळ मला एकट्याला पक्की ठाऊक असूनही मी ती त्या टेबलावर उच्चारली नाही. मंजुरीच्या रकान्यांत रक्तस्रावाच्या तारखेला जागाच नसावी, याची चीड मला आजही येते. पण सही माझी होती.

त्या रात्री ती पेंगत होती, शब्द शोधत होती. ‘दमली आहे, झोपू द्या,’ असे मीच परिचारिकेला सांगितले. सकाळी उजवा हात उचलेना. नंतर रक्तदाब मुद्दाम वाढवला, धमनीत थेट औषध सोडले, आणि बरेचसे परतही आले. मात्र तिच्या बोलण्यात कोथिंबीर आजही ‘ते हिरवे’ आहे, शब्द सापडत नाही.

निमोडिपिन, म्हणजे या काळात मेंदू जपण्यासाठी देतात ते औषध, त्याविषयी माझे मत आग्रही आहे. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ५५४ रुग्ण होते. दर चार तासांनी ६० मिलिग्रॅम, २१ दिवस, अशा मात्रेने मेंदूचा भाग मरण्याचे प्रमाण ३३ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. गंमत अशी की हे औषध धमनी फारशी रुंद करताना दिसत नाही, तरी रुग्णाचा फायदा होतो. उलट एंडोथेलिनला अडवणाऱ्या क्लॅझोसेंटान या औषधाने अँजिओग्राफीतले अरुंदपण कमी झाले, पण मोठ्या चाचण्यांत रुग्णांच्या अंतिम स्थितीत तशी सुधारणा दिसली नाही. म्हणजे मेंदूला रक्त कमी पडण्यामागे सूक्ष्म गुठळ्यांसारखी इतर कारणेही असतात. तात्पर्य एवढेच की रात्री दोनची गोळी झोपमोड नको म्हणून चुकवू नये. रक्तदाब उतरत असेल तर मात्रा विभागून देण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा, नातेवाइकांनी नव्हे.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. वडिलांची घरची रक्तदाबाची गोळी पिशवीत असेल तर ती परस्पर देऊ नका. फुगा बंद झाल्यावर या काळात दाब मुद्दाम थोडा वर राहू देतात. तसेच सोडियम उतरले म्हणून कोणी ‘पाणी कमी करा’ म्हटले, तर न्यूरोसर्जनना विचारल्याशिवाय मान्य करू नका. इथे मीठ लघवीवाटे जात असू शकते, आणि शरीर कोरडे पडले तर अरुंद धमनीतून आणखी कमी रक्त जाते.

आपण लिहिलेला पाचवा दिवस डोके दुखल्यापासूनचा की दाखल झाल्यापासूनचा, हे पोस्टवरून कळत नाही. दुखणे सुरू झाल्याची तारीख आणि वेळ आजच केसपेपरवर नोंदवून घ्या, आणि त्यानंतरच वॉर्डाचा विचार करा.