पसारा स्क्रीनवरचा : अँड्रॉइड स्टुडिओबद्दल वाचकांचे प्रश्न

अँड्रॉइड स्टुडिओ म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बनवायचा प्रोग्रॅम. या वेळी कोडबद्दल कमी आणि त्याच्या स्क्रीनबद्दल जास्त प्रश्न आलेत, आणि मला त्याचं बरं वाटलं. दिवसाचे सात-आठ तास ज्या स्क्रीनसमोर बसायचं ती आपल्या हाताला, डोळ्याला सोयीची करून घेणं याला बरेच जण वेळ वाया घालवणं समजतात, मला ते अजिबात पटत नाही. मेनूंची नावं मुद्दाम इंग्रजीतलीच देवनागरीत लिहिलीयत, म्हणजे स्क्रीनवर शोधताना गोंधळ नको. शॉर्टकट विंडोज आणि लिनक्सचे आहेत, मॅकवर वेगळा असेल आणि महत्त्वाचा असेल तिथे तसं सांगितलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी नुकताच अँड्रॉइड शिकायला लागलोय. लॅपटॉप चौदा इंची आहे. डावीकडे प्रोजेक्ट, खाली लॉगकॅट (अ‍ॅप चालताना होणाऱ्या नोंदी, म्हणजे लॉग), उजवीकडे एम्युलेटर (स्क्रीनवरचा नकली फोन), आणि मधे कोडला एवढीशी पट्टी उरते, एक ओळ वाचायची तरी आडवं सरकवावं लागतं. सगळे म्हणतात मोठा मॉनिटर घे. खरंच घ्यावा लागेल का?

उत्तर : लगेच नको. आधी एक करून बघ, कंट्रोल+शिफ्ट+एफ१२ दाब, मॅक असेल तर कमांड+शिफ्ट+एफ१२. आजूबाजूचं सगळं एका फटक्यात गायब आणि फक्त कोड. परत तेच दाबलं की सगळं होतं तसं परत. फाईलच्या टॅबवर डबल क्लिक केलं तरी हेच होतं.

आता खरा मुद्दा. या बाजूच्या ज्या विंडो आहेत ना, ज्यांना टूल विंडो म्हणतात, त्या टेबलाच्या खणासारख्या वापरायच्या असतात, लागला की उघडायचा, काम झालं की आत. आपण सगळे खण उघडे टाकून बसतो आणि मग टेबलावर जागा नाही म्हणतो. ऑल्ट+१ दाबलं की प्रोजेक्ट उघडतो, ऑल्ट+६ लॉगकॅट, ऑल्ट+७ स्ट्रक्चर, ऑल्ट+एफ१२ टर्मिनल (मॅकवर आकड्यांबरोबर कमांड आणि टर्मिनलला ऑप्शन). तेच बटण परत दाबलं की ती विंडो बंद. एस्केप दाबलं की विंडो उघडी राहते पण कर्सर कोडमध्ये परत येतो, आणि शिफ्ट+एस्केप दाबलं की विंडोही बंद होते. एवढं आठवडाभर हाताला लावून घे, माऊसकडे हात जायचा बराच कमी होईल.

दुसरी गोष्ट, जी माझ्या मते छोट्या स्क्रीनवर सगळ्यात जास्त उपयोगाची आहे आणि फार कमी लोक वापरतात. प्रोजेक्ट विंडोच्या वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर किंवा गिअरवर क्लिक कर, तिथे व्ह्यू मोड आहे. डॉक पिन्ड म्हणजे विंडो कायम ठाण मांडून बसते. डॉक अनपिन्ड म्हणजे कोडमध्ये क्लिक केलं की आपोआप मिटते, पण उघडताना आणि मिटताना कोड इकडून तिकडे सरकतो आणि आपण वाचत असलेली ओळ डोळ्यासमोरून हलते. अनडॉक केलं तर विंडो कोडच्या अंगावर उघडते, काम झालं की मिटते आणि खालचा कोड जागचा हलत नाही. प्रोजेक्ट विंडोसाठी तू अनडॉकच ठेव.

प्रश्न : ऑफिसात दोन मॉनिटर आहेत, घरी एकच लॅपटॉप. ऑफिसात एम्युलेटर आणि लॉगकॅट दुसऱ्या स्क्रीनवर नेता येतील का? एकदा लॉगकॅट बाहेर काढून ठेवलं होतं तर घरी आल्यावर ते सापडेचना.

उत्तर : नेता येतील, आणि घरी हरवणारही नाही असं बसवता येईल.

बाहेर काढायचे दोन प्रकार आहेत, दोन्ही त्याच व्ह्यू मोडमध्ये. फ्लोट केलं की विंडो सुटी होते पण स्टुडिओच्या मुख्य विंडोच्या वरच तरंगत राहते, एकाच स्क्रीनवर असाल तर ती कोड झाकत बसते. विंडो निवडलं की ती पूर्ण स्वतंत्र होते, मागे-पुढे करता येते. दुसऱ्या मॉनिटरसाठी विंडोच निवडा. एम्युलेटर हल्ली रनिंग डिव्हायसेस नावाच्या टूल विंडोच्या आत उघडतो, म्हणून त्यालाही हेच लागू. तो अगदी वेगळाच, जुन्या पद्धतीने हवा असेल तर सेटिंग्जमध्ये टूल्स, त्यात एम्युलेटर, तिथे लाँच इन द रनिंग डिव्हायसेस टूल विंडो याची खूण काढा. कोडची फाईलही बाहेर नेता येते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, टॅब धरून सरळ दुसऱ्या स्क्रीनवर ओढा किंवा शिफ्ट+एफ४ दाबा. मी एका स्क्रीनवर व्ह्यूमॉडेल (अ‍ॅपच्या स्क्रीनला माहिती पुरवणारा कोड) आणि दुसऱ्यावर अ‍ॅपच्या त्या स्क्रीनची फाईल ठेवते, एकीकडे नाव बदललं की दुसरीकडे काय लाल होतंय ते लगेच दिसतं.

आता हरवण्याचं. ऑफिसात सगळं मनासारखं लावून झालं की विंडो मेनूत लेआउट्स आहे, तिथे सेव्ह करंट लेआउट अ‍ॅज न्यू करा, नाव द्या ऑफिस. घरी आल्यावर लॅपटॉपला सोयीचं लावा आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करा, घर. मग जागा बदलली की त्याच मेनूतून लेआउट बदलायचा, दहा सेकंदांचं काम. चालू लेआउटमध्ये काही ओढाताण झाली आणि सेव्ह केलं होतं तसं परत हवं असेल तर शिफ्ट+एफ१२. जुन्या आवृत्तीत एकच लेआउट साठवता यायचा, तुमच्याकडे लेआउट्स दिसत नसेल तर ते कारण असेल, अपडेट करून घ्या, एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा करण्यासारखं आहे.

प्रश्न : काहीतरी दाबलं गेलं आणि वरची फाईल, एडिट, व्ह्यू ही अख्खी मेनूची ओळ गेली. आता सेटिंगमध्ये जायलाही मेनू नाही. परत इन्स्टॉल करू का?

उत्तर : नका करू! शिफ्ट दोनदा पटापट दाबा, शोधायची चौकट येईल, तिथे मेन मेनू टाइप करा आणि तो चालू करा. नुसत्या आज्ञा शोधायच्या तर कंट्रोल+शिफ्ट+ए. नवीन यूआयमध्ये (स्टुडिओच्या नव्या रूपात) मेनू मुळातच डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांमागे असतो, तेव्हा आधी तिथे बघा, कदाचित काही गेलेलंच नसेल. आणि मेनू नसतानाही कंट्रोल+ऑल्ट+एसने सेटिंग्ज उघडतातच.

प्रश्न : लेआउटची (अ‍ॅपच्या स्क्रीनच्या मांडणीची) एक्सएमएल फाईल उघडली की दर वेळी डिझाइन उघडतं. मला कोड बघायचा असतो, मग कोपऱ्यातलं बटण दाबा, परत पुढची फाईल, परत तेच. जुन्या मशिनवर तर डिझाइन यायलाच वेळ लागतो.

उत्तर : हे एकदाच सांगून ठेवता येतं. सेटिंग्ज, एडिटर, डिझाइन टूल्स. तिथे डीफॉल्ट एडिटर मोड आहे, ड्रॉएबलसाठी (अ‍ॅपमधली चित्रं, आकार) वेगळा, लेआउट-मेनू वगैरे बाकीच्या रिसोर्ससाठी (कोडशिवायच्या फायली) वेगळा, आणि कंपोज (कोडमधूनच अ‍ॅपची स्क्रीन बनवायची पद्धत) वापरत असाल तर त्या फाईलींसाठी वेगळा. कोड, स्प्लिट, डिझाइन यातलं जे हवं ते प्रत्येकाला लावा. माझं मत विचाराल तर ड्रॉएबलला स्प्लिट, कारण व्हेक्टर चित्राचे आकडे नुसते वाचून आकार कुणालाच कळत नाही, आणि लेआउटला कोड. कंपोजला रुंद स्क्रीन असेल तरच स्प्लिट, नाहीतर कोडच ठेवा आणि प्रिव्ह्यू हवा तेव्हा बटणाने उघडा. जुन्या मशिनवर एवढ्यानेही फरक जाणवेल कारण प्रत्येक फाईलमागे चित्र रेंडर करायचं काम वाचतं.

प्रश्न : माझ्या प्रोजेक्ट पॅनलमध्ये फोल्डर जसे दिसतात तसे डिस्कवर नाहीतच. मैत्रिणीच्या स्क्रीनवर वेगळंच दिसतं. कोणाचं बरोबर?

उत्तर : दोघींचंही. पॅनलच्या वर एक ड्रॉपडाउन आहे, तुझ्याकडे तिथे अँड्रॉइड लिहिलेलं असणार आणि तिच्याकडे प्रोजेक्ट. अँड्रॉइड व्ह्यू फायली कामाप्रमाणे गोळा करून दाखवतो, मॅनिफेस्ट (अ‍ॅपची ओळख सांगणारी फाईल) एकीकडे, रिसोर्स एकीकडे, ग्रेडलच्या (कोडमधून अ‍ॅप बांधून देणाऱ्या साधनाच्या) सगळ्या फायली शेवटी एका गठ्ठ्यात, मग त्या डिस्कवर कुठेही का असेनात. प्रोजेक्ट व्ह्यू जे डिस्कवर आहे तेच दाखवतो. शिकताना अँड्रॉइड व्ह्यू सोपा जातो पण एकापेक्षा जास्त मॉड्यूल (प्रोजेक्टचे वेगवेगळे भाग) झाली, की कुठली फाईल नेमकी कुठल्या फोल्डरात आहे हे कळायला प्रोजेक्टच हवा. कायम तोच हवा तर सेटिंग्जच्या तळाशी अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात सेट प्रोजेक्ट व्ह्यू अ‍ॅज द डीफॉल्ट. पॅनलच्या तीन ठिपक्यांमध्ये ऑलवेज सिलेक्ट ओपन्ड फाईलही चालू कर, उघडलेली फाईल फोल्डरांच्या झाडात कुठे बसलीय ते आपोआप दिसत राहतं.

प्रश्न : लॉगकॅटमध्ये एका ओळीत तारीख, टॅग (लॉगला दिलेलं नाव), पॅकेज (अ‍ॅपचं नाव), सगळं येतं आणि खरा मेसेज उजवीकडे पार बाहेर जातो. शिवाय इतर अ‍ॅपचेही लॉग येत राहतात.

उत्तर : लॉगकॅटच्या डाव्या पट्टीत फॉरमॅटचं बटण आहे, त्यात कॉम्पॅक्ट व्ह्यू निवडा, बरीचशी माहिती गळून मेसेज डावीकडे येतो. कॉम्पॅक्टमध्ये टॅग हवाच असं असेल तर तिथेच मॉडिफाय व्ह्यूजमध्ये काय ठेवायचं काय काढायचं ते स्वतः ठरवता येतं. तरीही ओळ लांब वाटली तर सॉफ्ट रॅप चालू करा, ती मोडून खालच्या ओळीत येईल. इतर अ‍ॅपचे लॉग घालवायला वरच्या चौकटीत इंग्रजीत पॅकेज, कोलन, माइन असं जागा न सोडता लिहा, फक्त तुमच्या प्रोजेक्टचे लॉग राहतील. पुढे एक जागा सोडून लेव्हल, कोलन, एरर जोडलं तर फक्त एरर आणि त्याहून गंभीर लॉग.

आणि हे नक्की करून बघा, लॉगवर राइट क्लिक करून स्प्लिट राइट. एकाच लॉगकॅटचे दोन भाग होतात आणि प्रत्येकाला वेगळा फिल्टर लावता येतो, डावीकडे सगळं आणि उजवीकडे फक्त नेटवर्कचा टॅग, किंवा दोन फोन जोडून दोन्हीचे लॉग शेजारी शेजारी. चॅटसारखं अ‍ॅप तपासताना, एकाने पाठवलं आणि दुसऱ्याला मिळालं का, हे यासारखं दुसऱ्या कशानेच इतकं चटकन दिसत नाही.

प्रश्न : मॅडम, मी शिकवतो. वर्गात प्रोजेक्टरवर मागच्या बाकांना कोड दिसत नाही, फॉन्ट मोठा केला की तासानंतर परत लहान करायचा विसरतो. शिवाय मराठी स्ट्रिंग्ज (अ‍ॅपमधला मजकूर) असलेल्या फाईलमध्ये जोडाक्षरं बारीक आणि दाटीने दिसतात, त्याला काय करावं?

उत्तर : सर, फॉन्टला हात लावूच नका. व्ह्यू, अपिअरन्स, एंटर प्रेझेंटेशन मोड. अक्षरं मोठी होतात आणि विंडो बाजूला होतात, बाहेर पडलात की सगळं पूर्वीसारखं. किती मोठं व्हावं ते अपिअरन्सच्या सेटिंगमध्ये एकदा वर्गात उभं राहून, शेवटच्या बाकावरून बघून ठरवा. फक्त कोडच नाही तर मेनू, पॅनल सगळंच मोठं हवं असेल तर त्याच व्ह्यू-अपिअरन्समध्ये झूम आयडीई आहे (आयडीई म्हणजे स्टुडिओसारखा कोड लिहायचा प्रोग्रॅम). आणि वर्गात लाइट थीम लावाच, गडद थीम लॅपटॉपवर छान दिसते पण उजेड असलेल्या खोलीत प्रोजेक्टरवर तिची अक्षरं धुऊन निघतात. थीम बदलायला सेटिंगमध्ये जायला नको, कंट्रोल आणि एस्केपच्या खालची बॅकटिकची (`) की एकत्र दाबा, क्विक स्विच येतं, तिथून थीम आणि व्ह्यू मोड दोन्ही बदलता येतात.

मराठी अक्षरांसाठी सेटिंग्ज, एडिटर, फॉन्ट. कोडच्या फॉन्टमध्ये देवनागरी सहसा नसतेच, मग ती दुसऱ्याच कुठल्यातरी फॉन्टमधून येते. तिथे टायपोग्राफी सेटिंग्ज उघडा, फॉलबॅक (पर्यायी) फॉन्ट म्हणून मशिनवरचा चांगला देवनागरी फॉन्ट निवडा, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरी. आणि लाइन हाइट १.२ असते ती १.४ करा, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार मोकळे होतात. इंग्रजी कोडलाही ते वाईट दिसत नाही.

प्रश्न : तीस-तीस टॅब उघडे असतात, नावं दिसत नाहीत. काय करू?

उत्तर : टॅबची पट्टीच काढून टाका. सेटिंग्ज, एडिटर, जनरल, एडिटर टॅब्ज, टॅब प्लेसमेंट नन. आणि फाईल बदलायला कंट्रोल+ई, अलीकडच्या फायलींची यादी येते, नावाची दोन-तीन अक्षरं टाइप केली की सापडते. पहिले दोन दिवस चुकल्यासारखं होतं, नंतर त्याची आठवणही येत नाही. एवढं धाडस नको असेल तर तिथेच टॅब लिमिट कमी करा, किंवा शो टॅब्ज इन मल्टिपल रोज.

प्रश्न : नवीन लॅपटॉप आलाय. एवढं सगळं बसवलेलं परत करायचं?

उत्तर : जुन्या मशिनवर फाईल, मॅनेज आयडीई सेटिंग्ज, एक्सपोर्ट सेटिंग्ज. एक झिप फाईल मिळेल, नवीन मशिनवर त्याच मेनूत इम्पोर्ट. स्टुडिओची आवृत्ती दोन्हीकडे शक्यतो एकच ठेवा. कुठले टॅब उघडे होते ते मात्र यातून जात नाही, ते प्रत्येक प्रोजेक्टच्या डॉट आयडिया फोल्डरात वर्कस्पेस डॉट एक्सएमएलमध्ये असतं, आणि ती फाईल कृपा करून गिटमध्ये (टीमचा सामायिक कोड सांभाळणाऱ्या साधनात) टाकू नका, नाहीतर तुमची मांडणी टीममधल्या सगळ्यांच्या मशिनवर जाते आणि मग दर पुलला (इतरांचा नवा कोड आपल्याकडे घेताना) भांडणं. स्टुडिओ नवीन प्रोजेक्ट बनवताना तिला गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फायलींच्या यादीत) आधीच घालून देतो, ती ओळ फक्त कुणी काढू नये.