पत्र्याखाली गेलेला चौक

प्रिय पोरी,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला. फोटोही पाहिले. तू डिझाइन केलेल्या पहिल्यावहिल्या बंगल्याच्या आतल्या उघड्या चौकावर मालकाने निळा पत्रा टाकला, वर डिश बसवली आणि तू हट्टाने उघड्या ठेवलेल्या विटांना पिस्ता रंग फासला. ‘सर, मी परत तिथे पाय ठेवणार नाही,’ असं लिहिलंयस. ठेव. या रविवारीच जा. का ते सांगतो, पण आधी जरा दोशींकडे जाऊन येऊ.

वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी २४ जानेवारी २०२३ ला अहमदाबादेत गेले, वयाच्या ९५ व्या वर्षी. प्रित्झकर हा वास्तुकलेतला सगळ्यात मानाचा पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय, साल २०१८, एवढं तू परीक्षेपुरतं पाठ केलं असशीलच. माणूस जन्माने पुण्याचा, हे मात्र तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नसतं. आजोबांचा फर्निचरचा कारखाना, घर एकत्र कुटुंबाचं. माणसं वाढली तशा खोल्या वाढल्या, मजला चढला. पुढे मुंबईचं जे. जे., मग पॅरिसला ल कोर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुविशारदाचा स्टुडिओ. फ्रेंच येत नव्हतं आणि सुरुवातीला पगारही नव्हता. कोर्बुझिएच्याच कामांवर देखरेख करायला अहमदाबादला आले आणि तिथलेच झाले. एवढ्या मोठ्या गुरूची नक्कल जन्मभर केली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. (मी माझ्या पहिल्या साहेबांचा जिना दहा वर्षं जसाच्या तसा काढत होतो, मी तर नक्कीच नसती ठेवली.)

अहमदाबादेतलं त्यांचं ऑफिस, ‘संगाथ’, पाहायला मी गेलो तो कमानींसाठी. अर्ध्या जमिनीत रुतलेल्या, लांबट, पांढऱ्या कमानी. जवळ जाऊन हात लावला आणि हसूच आलं. आपला वॉटरप्रूफिंगवाला गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, झाला की वर फुटक्या टाइल्सचे तुकडे ठोकून देतो ना, तेच चायना मोझॅक! ऊन परतवायला आणि पाणी अडवायला. आत स्लॅबच्या थरांमध्ये मातीच्या पोकळ नळ्या घातल्यात, त्याही उष्णता रोखायलाच. छतावरचं पावसाचं पाणी उघड्या पन्हळीतून वाहत खाली कुंडात येतं. यातलं एकही सामान असं नव्हतं, की जे मला नाशिकमध्ये मिळालं नसतं. त्या दिवशी मी जरा गप्प गप्पच परतलो.

पण तुझ्या कामाची गोष्ट इंदूरची आहे. ‘अरण्य’ वसाहत. सुमारे ६,५०० प्लॉट, बरेचसे गरिबांसाठी. दोशींनी अगदी गरिबांना काय दिलं? जोतं, संडास-न्हाणी, पाण्याची-ड्रेनेजची जोडणी. बाकी घर तुमचं तुम्ही, जमेल तसं, जमेल तेव्हा. नमुन्यादाखल ८० घरं तेवढी बांधून दाखवली. १९९५ ला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. त्याआधी अहमदाबादच्या एलआयसी वसाहतीतही हेच: लोकांनी गच्च्या झाकल्या, खोल्या काढल्या, आणि या गृहस्थाला त्याचा राग नाही, कौतुक!

मला मात्र राग यायचा. गंगापूर रोडला माझ्या एका रो-हाउस स्कीममध्ये बाईंनी व्हरांडा बंद करून घेतला, तेव्हा मी भांडून आलो आणि त्या कामाचे फोटो अल्बममधून काढून टाकले. सात-आठ वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी त्या गल्लीत गेलो, तर त्याच कोपऱ्यात त्यांचं शिलाई मशीन. पूर्वेचा उजेड नेमका सुईवर पडत होता. माझ्या ड्रॉइंगमध्ये तिथे कुंडी होती.

आता तुझा चौक. रविवार कारंजाच्या बाजूला जुना वाडा उघडा असेल तर आत डोकावून ये. चौकाभोवती पडवी असते, आणि उतरत्या छपराची पाघोळी चौकात पडते, उंबऱ्यावर नाही. तुझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या ड्रॉइंगमध्ये, छज्जा दीड फूट आहे आणि लगेच स्वयंपाकघराचं दार. आषाढातला तिरपा पाऊस कुठे जाईल सांग? मी ड्रॉइंग तपासलं होतं, तेव्हा चूक माझीही. लोकांना आपली जागा आपल्यापेक्षा जास्त कळते गं. पुराचं पाणी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर कुठवर चढलंय हे ऐकून सराफ बाजारातले दुकानदार खालच्या फळीवरचा माल उचलतात, त्यांना कोणी प्लॅन काढून दिलेला नसतो.

तर रविवारी टेप घेऊन जा, डिझाइनचा विषय काढू नकोस. घरातल्या काकूंना विचार, पावसात कपडे कुठे वाळत घालता, दुपारी कुठे बसता. चहा नको म्हणू नकोस. पिस्ता रंगाबद्दल चकार शब्द नाही. मलाही तो आवडलेला नाही, पण राहतात ते. आणि फोटोत दिसतंय, पत्र्याला पन्हळच लावलेली नाही. पाणी थेट तुळशीवर पडत असणार. माप घेऊन ये. पन्हळ आपण लावून देऊ, फॅब्रिकेटरचं बिल माझ्या नावाने कर.

तुझा,
सर