पिल्लू घरी आणण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चार पानभर त्या कुत्र्याच्या पिल्लाचे वर्णन आणि अगदी शेवटी एका ओळीत प्रश्न, 'आणू का?' नावसुद्धा ठरवून झाले आहे, म्हणजे मनाने ते तुझ्या घरी केव्हाच आले आहे. म्हणूनच नुसते 'हो' किंवा 'नको' असे न कळवता जरा सविस्तर लिहितो. गेल्या पस्तीस वर्षांत माझ्या घरात एकामागून एक चार कुत्री राहिली. तिघांना मी निरोप दिला आणि चौथी हे लिहीत असताना माझ्या पावलावर हनुवटी टेकवून टेबलाखाली झोपली आहे.

तुला कुत्री आवडतात, याबद्दल मला शंका नाही. पण आवड ही इथे पहिली अट आहे, एकमेव नव्हे. लहान चणीचे कुत्रे साधारण 12 ते 15 वर्षे जगते, ग्रेट डेनसारख्या थोराड जातीचे जेमतेम 7 ते 10. आज तू शिकते आहेस. पुढच्या बारा वर्षांत तुझे शिक्षण संपेल, नोकरी लागेल, घर बदलेल, कदाचित गावही बदलेल, संसार सुरू होईल, आणि या प्रत्येक वळणावर एक जीव तुझ्यासोबत असेल ज्याला तुझ्याखेरीज दुसरे कोणी निवडता येणार नाही. त्याने कधी खायचे, कधी बाहेर पडायचे, आजारी पडल्यावर डॉक्टरांकडे जायचे की नाही, हे सगळे तू ठरवणार. तेव्हा स्वतःला विचारायचे ते असे, की आणखी नऊ वर्षांनी, पावसाच्या पहाटे, अंगात कणकण असताना त्याला बाहेर कोण नेणार आहे? 'घरातले कोणीतरी नेईल' हे उत्तर मी धरत नाही. ज्या घरांत कुत्रे 'सगळ्यांचे' असते, तिथे ते बहुधा कोणाचेच नसते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. घरातल्या प्रत्येकाची संमती हवीच, पण जबाबदारी एका माणसाच्या नावावर हवी.

दिवसाचा हिशेबही आत्ताच मांड. पिल्लू जितक्या महिन्यांचे, साधारण तितके तास ते लघवी धरून ठेवू शकते, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यायचे, आणि रात्रीही एकदा-दोनदा उठायचे. मोठे झालेले कुत्रे काही तास एकटे राहायला शिकते. पण रोज दहा तास बंद घरात काढणारे कुत्रे जेव्हा सोफा फाडते किंवा दिवसभर भुंकत राहते, तेव्हा त्याला 'वात्रट' म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

जात निवडताना दिसण्यावर जाऊ नकोस. प्रत्येक जात माणसाने कुठल्यातरी कामासाठी घडवली आहे आणि ते काम तिच्या रक्तात उरलेले असते. बॉर्डर कॉली मेंढ्या वळणारी, तिला दिवसभर डोके चालवायला काही हवे. सायबेरियन हस्की बर्फावरची घसरगाडी ओढणारी, तिच्या अंगावर दुपदरी दाट केस, उष्ण हवेत तिचे हाल होतात. पग आणि बुलडॉग यांचे चपटे नाक आपल्याला गोजिरवाणे वाटते, पण त्याच नाकामुळे त्यांना श्वास घेणे जड जाते. संमिश्र जातीचे, किंवा बेवारस कुत्र्यांच्या निवाऱ्यातले वयात आलेले कुत्रे घेण्याचा विचार तू केलाच नाहीस, असे पत्रावरून दिसते. तो जरूर कर. माझी दुसरी कुत्री पाच वर्षांची असताना घरी आली. पहिले तीन आठवडे ती भिंतीला पाठ लावून बसे आणि माणूस जवळून गेला की डोळे मिटून घेई. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी ती उठली, माझ्या खुर्चीपाशी आली आणि आपला सगळा भार माझ्या नडगीवर टाकून टेकून उभी राहिली. तो भार मला अजून आठवतो.

पिल्लूच घ्यायचे ठरले, तर ते आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी आईपासून तोडू नकोस आणि त्याची आई पाहिल्याशिवाय घेऊ नकोस. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून तसेच परत फिरावे. या आठवड्यांत पिल्लू भावंडांशी खेळताना फार मोलाची गोष्ट शिकते: जोरात चावले की समोरचे किंचाळते आणि खेळ मोडतो. दात किती लावायचे हे भावंडे जितके चांगले शिकवतात, तितके आपल्याला शिकवता येत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन सर्वांत मोकळे असते. या काळात त्याने जे पाहिले, ऐकले, हुंगले, त्याची पुढे सहसा भीती उरत नाही. छत्री, शिडी, मिक्सरचा आवाज, लहान मुले, दाढीवाला माणूस, चाकाची खुर्ची, या सगळ्यांची ओळख त्याला न घाबरवता, हळूहळू करून द्यायची.

अडचण अशी की नेमक्या याच काळात लसीकरण अपुरे असते. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाला सुरुवातीला वाचवते, पण तीच शक्ती लशीलाही निष्प्रभ करते, आणि ती केव्हा ओसरेल हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत वेगळे असते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने लस पुन्हा पुन्हा देतात. 'एक डोस झाला आहे, आता काळजी नाही' असे म्हणून थांबलेल्या घरांतली पिल्ले पार्व्हो या विषाणूजन्य आजाराने दगावतात. तोवर त्याला कडेवर घेऊन जग दाखव. जिथे अनोळखी कुत्री येतात त्या जमिनीवर सोडू नकोस. रेबीजची लस आणि तिचे पुढचे डोस मात्र कोणत्याही सबबीवर चुकवायचे नाहीत. माणसाला होणाऱ्या रेबीजच्या जवळजवळ सर्वच घटनांत तो कुत्र्याच्या चाव्यातून आलेला असतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळपास अशक्य असते. कोणाला दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जायचे. जंताचे औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त, योग्य वयात नसबंदी, हे पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळच्या वेळी होत राहू दे.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. माझ्या पहिल्या कुत्र्याने एकदा सलग तीन दिवस अर्धेच खाल्ले. मी समजलो, नखरे करतो आहे. खाणे बदलून पाहिले, एकदा रागावलोही. चौथ्या दिवशी तो जिन्याची दुसरी पायरी चढताना थांबला आणि मागे वळून माझ्याकडे पाहू लागला. ओठ उचलून पाहिले, तर हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. गोचीड-ताप होता. तो वाचला, पण थोडक्यात. कुत्रे आपले दुखणे अंगावर काढते, सांगत नाही. तेव्हापासून रोज रात्री मी माझ्या कुत्र्याच्या अंगावरून दोन्ही हात फिरवतो: कानांच्या मागे, काखेत, शेपटीच्या बुडाशी, आणि प्रत्येक पंजाची बोटे फाकवून मधल्या भेगांत. गोचीड तिथे मिरीच्या दाण्यासारखी चिकटून बसलेली असते. या पाच मिनिटांत गाठ, जखम, दुखरी जागा हाताला लागते. कुत्र्याला हा लाड वाटतो, आणि तो लाड असतोही.

खाण्याबाबत एवढेच लक्षात ठेव, की आपल्याला चालते ते त्याला चालेलच असे नाही. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि बिनसाखरेच्या गोळ्यांत असणारे झायलिटॉल हे त्याच्यासाठी विष आहे. शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या धारदार कपच्या होतात. पॅरासिटामॉलसारखी आपली औषधे मनाने कधीही द्यायची नाहीत. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, काच थोडी उघडी ठेवूनसुद्धा, त्याला क्षणभरही सोडायचे नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच ते शरीर थंड करते, आणि तापलेल्या हवेत तो उपाय अपुरा पडतो.

आता शिकवण्याविषयी, कारण सर्वांत जास्त अन्याय इथेच होतो. तू घरी येशील, फरशीवर लघवी दिसेल, आणि पिल्लू कान पाडून, नजर चुकवून कोपऱ्यात बसलेले असेल. 'बघा, त्याला कळते आहे आपण काय केले ते,' असे कोणीतरी म्हणेल. 2009 साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने हेच तपासले होते. तो 'अपराधी' चेहरा कुत्र्याने खरोखर चूक केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की निरपराध कुत्रेही तसाच चेहरा करत होते. म्हणजे ते तुझा सूर आणि तुझे खांदे वाचते. तासाभरापूर्वीच्या चुकीसाठी मारलेल्या कुत्र्याला एकच गोष्ट समजते, की दार उघडून येणाऱ्या या माणसाचा भरवसा नाही. म्हणून त्याने योग्य जागी शू केली की त्याच क्षणी, एक-दोन सेकंदांच्या आत, कौतुक आणि खाऊ. चुकीच्या जागी केली तर काही न बोलता पुसून घ्यायचे आणि पुढच्या वेळी लवकर बाहेर न्यायचे. सगळ्या घराने हाका आणि शब्द एकच ठेवायचे. एकाने 'बस' म्हणायचे आणि दुसऱ्याने 'खाली', तर बिचाऱ्याने करायचे काय?

घराबाहेर पडलीस की जबाबदारी आणखी वाढते, कारण रस्ता तुझ्या एकटीचा नाही. साखळी हातात, पिशवी खिशात, आणि त्याची विष्ठा स्वतः उचलायची. 'तो काही करत नाही' हे वाक्य घाबरलेल्या माणसाला कधीही ऐकवू नकोस. त्याची भीती खरी आहे, आणि बाजूला होणे आपले काम आहे.

एवढे वाचून तुझा चेहरा उतरला असेल, तर जरा थांब. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी सुमारे 50-60 लाख, तर कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या वर. ज्या गल्लीतून मी हजार वेळा गेलो, तिथे माझी कुत्री रोज सकाळी एका खांबापाशी दोन-दोन मिनिटे थांबते, कारण रात्रीतून तिथे काय काय घडून गेले ते तिला वाचायचे असते. पूर्वी मी साखळी ओढत असे. आता मीही थांबतो, आणि त्या दोन मिनिटांत उजाडताना दिसते, पाखरांचे आवाज वेगवेगळे ऐकू येतात. तिच्यामुळे माझ्या दिवसाला अशी एक वेळ मिळाली आहे जिच्यात मला कुठेही पोहोचायचे नसते. 2015 साली जपानमधील संशोधकांना असे आढळले, की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, तेच संप्रेरक जे आई आणि तान्ह्या मुलाच्या नात्यात काम करते. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे दिसले नाही. ही नजर हजारो वर्षांच्या सहवासातून आली आहे, आणि तुझे पिल्लू पहिल्याच आठवड्यात ती तुझ्याकडे वळवेल.

शेवटाविषयीही लिहिले पाहिजे, कारण पिल्लू आणताना त्याबद्दल कोणी बोलत नाही. एक दिवस त्याच्या तोंडावरचे केस पांढरे होतील, हाक ऐकू जाणार नाही, जिना चढवावा लागेल. माझ्या तिसऱ्या कुत्रीला अखेरचे चार महिने मी रात्री दोनदा उचलून बाहेर नेत असे. मागचे पाय उभे राहावेत म्हणून पोटाखालून टॉवेल घालून तिला धरायचे, आणि ती अंधारात जमीन हुंगत राहायची. नंतर वेदना औषधांना दाद देईनात, तेव्हा पशुवैद्यांशी बोलून शांतपणे निरोप देण्याचा निर्णय मलाच घ्यावा लागला. त्या वेळी मी खोलीबाहेर गेलो नाही. तूही जाऊ नकोस. त्याने आयुष्यभर तुझा वास शोधला असेल; शेवटच्या श्वासालाही तो जवळ असू दे.

1914 साली जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल येथे एक दफन सापडले: एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासोबत कुत्र्याची हाडे, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीची. त्या कुत्र्याचे वय अवघे सात महिन्यांच्या आसपास होते. त्याच्या दातांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते, की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा गंभीर विषाणूजन्य आजार झाला होता आणि माणसांनी जपल्याशिवाय ते त्या आजारात इतके आठवडे जगले नसते. शिकारीला किंवा राखणीला त्याचा काही उपयोग नव्हता. तरीही कोणीतरी त्याला पाणी पाजले, ऊब दिली, त्याची घाण पुसली. मी रात्री टॉवेल घेऊन उठत असे तेव्हा मला त्या अनोळखी माणसांची आठवण येई आणि एकटे वाटत नसे.

तेव्हा पिल्लाच्या मालकाला अजून होकार कळवू नकोस. येत्या सोमवारपासून आठ दिवस पहाटे साडेपाचला माझ्याकडे ये. साखळी दाराच्या मागच्या खुंटीला आहे, पिशव्या खालच्या खणात. पहिले दोन दिवस माझी कुत्री तुझ्याबरोबर निघताना मागे वळून माझ्याकडे पाहील. तिसऱ्या दिवशी पाहणार नाही. रात्री गोचीड पाहण्याचे कामही तूच कर. नवव्या दिवशी आपण दोघे मिळून त्या पिल्लाची आई पाहायला जाऊ.

कळावे.

तुझा,
काका