भावासाठी संशोधक व्हायचं का?

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, जैवतंत्रज्ञानात एमएस्सी करते. माझ्या मोठ्या भावाला रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा (रेटिनाचा) आनुवंशिक आजार आहे. रात्रीचं दिसणं कधीच गेलं, आता दिवसाही कडेचं दिसत नाही. मला पडद्याच्या आजारावर पीएचडी करायची आहे, ती त्याच्यासाठीच. मॅडम, डॉक्टर नसताना हे जमेल का? आणि त्याची नजर पूर्ण जायच्या आत काही हाती लागेल का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते कडू आहे. तुझ्या पीएचडीतून भावाचं औषध निघेल, असं धरून चालू नकोस.

आरपीई-६५ या जनुकाचंच बघ. त्यात बिघाड असला की काही मुलांना अगदी लहानपणापासून फारच कमी दिसतं, हे १९९७ मध्ये कळलं. तोच दोष असलेल्या कुत्र्यांच्या डोळ्यात निरोगी जनुक सोडल्यावर त्यांना दिसू लागलं, ते २००१ मध्ये जाहीर झालं. माणसांवरच्या चाचण्या २००७ मध्ये सुरू झाल्या आणि अमेरिकेत उपचाराला परवानगी मिळाली २०१७ च्या डिसेंबरात. म्हणजे वीस वर्षं! तीही सगळं बऱ्यापैकी जुळून आलेल्या एका जनुकाची. तुझ्या भावाचा आजार मात्र कितीतरी वेगवेगळ्या जनुकांपैकी कुठल्याही एकाच्या दोषाने होऊ शकतो.

मी कुणासाठी म्हणून पडद्याच्या संशोधनात आले नाही. मला एका कोड्याने धरून ठेवलं. या आजारात बऱ्याचदा दोष असतो तो फक्त दंडपेशींत, अंधुक उजेडात बघणाऱ्या. त्या मरतात हे समजू शकतं. पण वाचायला, चेहरे ओळखायला लागणाऱ्या शंकूपेशी धडधाकट असूनही मागोमाग का जातात? २००४ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखवलं, की दंडपेशी एक प्रथिन सोडतात आणि त्याच्यावर शंकूपेशी तग धरतात. पुढे कळलं, त्या प्रथिनामुळे शंकूपेशींना साखर आत ओढून घेता येते. दंडपेशी गेल्या की यांची उपासमार. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. तुला असं काही वाचून झोप उडते का, ते स्वतःला विचार. भावाची काळजी तुला दारापर्यंत आणेल; आत बसून राहायला दुसरं काहीतरी लागतं.

कारण आत बसणं कंटाळवाणं असतं. उंदीर रात्रभर काळोखात ठेवायचे, सकाळी मिणमिणत्या लाल दिव्यात त्यांच्या बुबुळावर तार टेकवायची आणि पडद्याच्या विजेचा आलेख घ्यायचा. कुणी चुकून दार उघडलं की दिवस फुकट. माझी तर दोन वर्षं गेली. आमच्या उंदरांच्या पडद्यावर खालच्या बाजूला पांढरे ठिपके दिसत होते. आम्ही बदललेल्या जनुकाचाच तो परिणाम, असं समजून मी शोधनिबंधही लिहायला घेतला होता. नंतर कळलं, आमचे उंदीर ज्या उपवंशातून आले होते त्यातच आरडी-८ नावाचा जुना जनुकीय दोष होता. ठिपके त्याचे. अनेक प्रयोगशाळा त्यात फसल्या होत्या, हे २०१२ मध्ये छापून आलं, तेवढंच समाधान.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर : जमेल. मीही डॉक्टर नाही. फक्त मी केली ती चूक करू नकोस. चार वर्षं उंदरांचे पडदे कापल्यावर मी पहिल्यांदा बाह्यरुग्ण विभागात जाऊन बसले. कडेला काळं दिसतं का, असं मी एका गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, “काळं नाही हो, तिथे काही आहे हेच कळत नाही. अर्ध्या उघड्या दारावर आपटलो की दार कळतं.” माझ्या सगळ्या आलेखांत ते दार नव्हतं. तुझ्या घरात हे सांगणारा माणूस आहे, त्याला विचारत जा.

आणि प्रवेश-अर्ज भरण्याआधी एक कर. भावाची जनुक-चाचणी झाली नसेल, तर त्याच्या डॉक्टरांशी बोलून ती करून घ्या. कुठल्या जनुकात दोष आहे हे कळल्याशिवाय तो नव्या उपचारांच्या कुठल्या चाचणीत बसतो हेही कळणार नाही. अहवालात “बदल आढळला, अर्थ अनिश्चित” असा शेरा आला, तर वैतागून कागद कोपऱ्यात टाकू नका. दोन-तीन वर्षांनी तोच अहवाल पुन्हा तपासून घ्या. बदल तोच असतो, पण तोवर त्याचा अर्थ लागलेला असू शकतो.