पॉडकास्ट ऐकायचेत, पण शोधू कुठे आणि लावू कसे?

प्रश्न : ताई, मी गेल्या वर्षी रिटायर झाले. वाचायची आवड खूप, पण आता तासाभरात डोळे चुरचुरायला लागतात म्हणून मुलाने मोबाईलमध्ये पॉडकास्टचं ॲप टाकून दिलं आणि तो गेला त्याच्या कामाला. उघडलं की नुसती चौकोनी चित्रंच चित्रं. दोन लावून बघितले. एकात दोघं जण अर्धा तास आपापसातच हसत होते, दुसऱ्यात ४१वा भाग सगळ्यात वर दिसत होता आणि तो ऐकला तर मागचं काहीच माहिती नसल्याने डोक्यावरून गेला. मला इतिहास आवडतो, माणसांच्या गोष्टी आवडतात. आवडेल असं शोधायचं कसं आणि ऐकायचं कसं, अगदी पहिल्यापासून सांगाल का?

उत्तर : काकू, सांगते ना, आणि पहिल्यापासूनच सांगते कारण हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं असं आता माझं मत झालंय. ॲप उघडल्यावर जे पहिलं पान दिसतं ना, चित्रांचं, ते सध्या बाजूलाच ठेवा. त्या पानावर जास्त करून बाकीची माणसं काय ऐकताहेत ते असतं, तुम्हाला काय आवडेल ते त्या बिचाऱ्या ॲपला अजून कुठे माहितीये.

आधी हे ठरवा की दिवसात ऐकणार कधी. पॉडकास्ट म्हणजे हवं तेव्हा लावून ऐकायचे, रेडिओसारखे भागाभागांचे कार्यक्रम, आणि ती हात गुंतलेले आणि कान रिकामे असतानाची गोष्ट आहे. कपड्यांच्या घड्या घालताना, चालायला जाताना, कपाट आवरताना. मेसेज वाचता वाचता ऐकायला गेलात तर दोन्हीतलं काही कळणार नाही, मी करून बघितलंय, तीन वेळा मागे जाऊन शेवटी फोन खाली ठेवला. उलट एकदा वाळलेले कपडे घेऊन बसले होते आणि कानात एक आजी तिच्या लहानपणी आलेल्या पुराबद्दल सांगत होती. घरात पाणी शिरतंय आणि वडील एकेकाला उचलून माळ्यावर ठेवताहेत इथपर्यंत ती आली आणि थांबली, एक श्वास घेतलेला ऐकू आला, आणि मी उशीचा अभ्रा हातात धरून तशीच बसलेली. तो श्वास छापील पानावर येत नाही हो. तुम्हाला माणसांच्या गोष्टी आवडतात म्हणालात म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर वेळ ठरली की लांबी आपोआप ठरते. वीस मिनिटं चालणार असाल तर वीस-पंचवीस मिनिटांचे एपिसोड बघा. दीड तासाची मुलाखत आवडली तर तीही दोन-तीन दिवसात तुकड्या-तुकड्याने ऐकता येते, जिथे थांबलात ती जागा ॲप लक्षात ठेवतं.

आता शोधायचं. माझा अनुभव असा की विषय टाकून शोधण्यापेक्षा माणूस टाकून शोधलं की लवकर सापडतं. तुम्ही एवढं वाचलंय तर चार-पाच लेखक, अभ्यासक तुमच्या आवडीचे असतीलच. त्यातलं एक नाव ॲपमधल्या सर्चमध्ये टाका, भिंगाचं चित्र असतं तिथे. त्यांचा स्वतःचा पॉडकास्ट नसेल पण कुणाकडे तरी पाहुणे म्हणून गेलेले असण्याची शक्यता बरीच असते. तो एपिसोड ऐका. ऐकताना पाहुण्यांकडे लक्ष जाईलच, पण विचारणाऱ्याकडेही द्या. तो मध्ये मध्ये तोडत नाही ना, उत्तरातून पुढचा प्रश्न काढतो का, की आधीच लिहून आणलेलेच वाचत सुटलाय? विचारणारा चांगला निघाला तर तुम्हाला एक एपिसोड नाही, अख्खा पॉडकास्टच सापडला, त्याचे बाकीचे पाहुणे अनोळखी असले तरी ऐका. मी गेल्या काही वर्षांत जे मनापासून ऐकलंय त्यातलं बहुतेक सगळं असंच, एकाकडून दुसऱ्याकडे जात सापडलेलं आहे.

विषयानेच शोधायचं असेल तर नुसतं 'इतिहास' टाकू नका, समुद्र येईल. बारीक टाका. जहाजं, साथीचे रोग, टपाल, नकाशे, असं काहीतरी. आणि प्रत्येक शब्द दोनदा टाका, एकदा देवनागरीत आणि एकदा इंग्रजी अक्षरांत, कारण मराठी पॉडकास्टवाले नाव कुठल्या लिपीत लिहितील त्याचा नेम नसतो आणि एका लिपीत टाकलं तर दुसरीतलं बरेचदा दिसतच नाही. हे एवढं केलं तरी किती नवीन गोष्टी वर येतात बघा.

एपिसोडच्या नावाकडेही बघा. पाहुणा कोण, विषय काय हे नावात किंवा खालच्या माहितीत नीट लिहिलेलं असेल तर ऐकणाऱ्याचा विचार करणारी माणसं आहेत असं मी धरते. नुसतंच 'धमाल गप्पा भाग अमुक' असेल तर पुढे जाते. तुम्हाला मिळालेली ती हसणारी जोडी वाईट असेल असं नाही, पण त्या प्रकारात ऐकणारे त्या दोघांना आधीपासून ओळखत असतात, आपण मधेच जाऊन बसलो की परक्या घरात गेल्यासारखं होतं. नवीन माणसाने सुरुवात त्या प्रकाराने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकच माणूस गोष्ट सांगतोय किंवा एकजण विचारतोय आणि एकजण सांगतोय, यातलं घ्या. दहा मिनिटं द्या. नाही रमलात तर सरळ बंद करा, सुरू केलं म्हणून संपवलंच पाहिजे असं काही नाहीये.

आणि ते ४१व्या भागाचं. ॲपमध्ये नवीन एपिसोड वर आणि जुने खाली अशीच यादी शक्यतो दिसते. बऱ्याच पॉडकास्टना ते चालतं कारण प्रत्येक भाग स्वतंत्र असतो. बीबीसीचा 'इन अवर टाइम' घ्या, १९९८पासून चालू आहे, एक विषय, एक सूत्रधार आणि बहुतेक वेळा तीन अभ्यासक, हजाराच्या वर भाग झालेत आणि कुठलाही कधीही ऐका, काही अडत नाही. पण 'द हिस्ट्री ऑफ रोम' म्हणून जो आहे, माइक डंकन यांचा, २००७ ते २०१२ चाललेला, तो रोमच्या जन्मापासून पश्चिमेकडचं साम्राज्य संपेपर्यंत ओळीने जातो, १७९ क्रमांकांचे भाग आहेत, तो मधून ऐकण्यात अर्थच नाही. किंवा २०१४ सालचा 'सीरियल', एका खऱ्या खटल्याची गोष्ट १२ भागांत, आठवड्याला एक असा आला होता आणि पॉडकास्ट म्हणजे काय हे अनेकांना पहिल्यांदा त्यामुळे कळलं, तोही पहिल्यापासूनच. हे तिन्ही इंग्रजीत आहेत, प्रकार समजावा म्हणून सांगितले. क्रमाने जाणारा पॉडकास्ट असेल तर यादीच्या वर क्रम बदलायची सोय असते, 'जुने आधी' असं करा आणि पहिल्या भागापासून लागा.

अजून एक गोष्ट समजून घ्या म्हणजे ॲपची भीती जाईल. पॉडकास्ट करणारा माणूस रेकॉर्डिंगची फाइल इंटरनेटवर एका जागी ठेवतो आणि सोबत एक यादी ठेवतो, तिला फीड म्हणतात. तुमचं ॲप मधून मधून ती यादी बघतं आणि नवीन काही आलं असेल तर तुम्हाला दाखवतं, बास, एवढंच. म्हणजे ॲप हा रेडिओचा डबा झाला आणि पॉडकास्ट हे स्टेशन. डबा बदलला तरी स्टेशन तेच. एखाद्याच ॲपवर मिळणारे काही पॉडकास्ट आहेत पण बाकीचे सगळीकडे तेच असतात, त्यामुळे मुलाने टाकलेलं ॲप नाही जमलं तर दुसरं टाका, आयफोनवर ॲपलचं स्वतःचं असतंच, अँड्रॉइडवर अँटेनापॉड फुकट आहे आणि त्यात खातं उघडायची पण गरज नाही. तुमच्यासाठी मला तेच बरं वाटतं. (नावाचं म्हणाल तर आयपॉड, म्हणजे ॲपलचं खिशातलं गाणी ऐकायचं यंत्र, आणि ब्रॉडकास्ट, म्हणजे प्रसारण, हे दोन शब्द जोडून २००४ साली 'पॉडकास्टिंग' हा शब्द एका ब्रिटिश पत्रकाराने लिहिला होता, आता आयपॉड बनायचा बंद होऊन २०२२पासून कितीतरी दिवस झाले, नाव मात्र राहिलं.)

ऐकताना चारच बटणं लागतात. फॉलो किंवा सबस्क्राइब, म्हणजे पुढचे भाग आपोआप दिसतात. खाली बाण असलेलं डाउनलोड, हे घरच्या वायफायवर करून ठेवा मग बाहेर नेट नसलं तरी चालतं. मागे जायचं गोल बाणाचं बटण, एखादं वाक्य निसटलं की दाबायचं. आणि झोपताना ऐकणार असाल तर चंद्राचं किंवा घड्याळाचं चिन्ह, वीस मिनिटांनी आपोआप बंद होतं, नाहीतर रात्रभर चालू राहतं आणि सकाळी कुठपर्यंत ऐकलं होतं ते काही केल्या आठवत नाही. बाकीच्या सेटिंगला पहिले दोन महिने हात लावू नका.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. सतरा पॉडकास्ट फॉलो केलेत, २०० एपिसोड न ऐकलेले दिसतात आणि फोन सारखा स्टोरेज फुल म्हणतोय. दीडपट स्पीडने ऐकतो तरी संपत नाही.

उत्तर : अरे ते संपवायचं नसतंच, ती परीक्षेची यादी नाहीये. हिशोब बघ, नेहमीच्या १२८ केबीपीएसने (दर सेकंदाच्या आवाजाला किती डेटा लागतो त्याचं हे माप) तासाभराचा एपिसोड साधारण ५८ एमबीचा होतो, तासातासाचे दोनशे धरले तर साडेअकरा जीबी झाले, फोन ओरडणारच. सेटिंगमध्ये जाऊन ऑटो डाउनलोड बंद कर किंवा शेवटच्या एकाच भागापुरतं ठेव, आणि ऐकून झालं की फाइल काढून टाकायचा पर्याय चालू कर. मग सतराची नावं समोर घेऊन स्वतःला विचार की गेल्या महिन्यात यातलं काय मी आपणहून लावलं. माझ्या अंदाजाने चार-पाच निघतील. बाकीचे अनफॉलो कर, ते कुठे पळून जात नाहीत, सर्च केलं की परत मिळतात. दीडपट स्पीडने तासाचे चाळीस मिनिटं होतात हे खरं, आणि माहितीच्या, बातम्यांच्या पॉडकास्टला ते ठीकच आहे, पण कुणी स्वतःवर गुदरलेलं सांगत असेल तर एकपटच ठेव. बोलता बोलता माणूस जिथे थांबतो तिथे बरंच काही असतं आणि स्पीड वाढवला, त्यात बोलण्यातल्या शांत जागा गाळणारं 'सायलेन्स काढा' पण चालू असलं, की नेमकं तेच जातं.

प्रश्न : मी वापरायचे ते ॲप बंद पडलं आणि सहा वर्षांची यादी गेली. परत असं होऊ नये म्हणून काय करू?

उत्तर : वाईट वाटलं वाचून, सहा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. आता जे ॲप घ्याल त्यात सेटिंगमध्ये एक्सपोर्ट आहे का ते आधी बघा आणि नसेल तर ते ॲप घेऊच नका, इतकं मी ठामपणे सांगेन. एक्सपोर्ट केलं की ओपीएमएल नावाची एक छोटीशी फाइल मिळते, त्यात तुमच्या सगळ्या पॉडकास्टच्या फीडचे पत्ते असतात, ती दुसऱ्या ॲपमध्ये इम्पोर्ट केली की यादी जशीच्या तशी. चार-सहा महिन्यांनी ती स्वतःलाच ईमेल करून ठेवा. कुठला भाग कुठपर्यंत ऐकला ते मात्र त्यात येत नाही, म्हणून फार आवडलेल्या भागांची नावं वहीत लिहा, मी लिहिते.

प्रश्न : वडिलांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. इअरफोन लावून पॉडकास्ट ऐकतात पण म्हणतात की दोघं बोलत असले तर एकाचाच आवाज येतो, दुसरा फार लांबून. म्हणून आवाज पूर्ण मोठा करतात. काय करता येईल?

उत्तर : वडील बरोबर सांगताहेत. काही रेकॉर्डिंगमध्ये एक माणूस डावीकडे आणि एक उजवीकडे असा वाटून ठेवलेला असतो, दोन्ही कानांनी ऐकणाऱ्याला ते छान वाटतं पण तुमच्या वडिलांना अर्धा संवादच मिळत नाही. यावर उपाय ॲपमध्ये नाही, फोनमध्येच आहे. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, त्यात ऐकण्याच्या सोयींमध्ये 'मोनो ऑडिओ' असं असतं, आयफोनला पण आणि अँड्रॉइडला पण, ते चालू केलं की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन उजव्या कानात येईल. तिथेच डावी-उजवी बाजू कमीजास्त करायची एक पट्टी दिसेल, ती हलली नाहीये ना तेवढं बघून घ्या. आणि मग आवाज नक्की खाली आणा, चांगला कान एकच राहिलाय तर तो जपायला हवा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात पण ९० डेसिबलला फक्त ४ तास. आजच संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून मोनो चालू करून द्या आणि त्यांनी अर्धवट सोडलेला एखादा दोघांचा एपिसोड पहिल्यापासून लावून द्या.